विजेचा न दिसणारा उजेड

वीज चमकली की आपण गडगडाटाची वाट पाहतो. उजेड आणि आवाज एवढीच तिची मिळकत, अशी आपली समजूत. परंतु त्याच वेळी ती डोळ्यांना न दिसणारे क्ष-किरण आणि गॅमा किरणही उधळीत असते!

याची चाहूल प्रथम लागली ती सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञांना, १९२५ साली. हवेतून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाटेतले अणू अडवतात. पण त्याचा वेग मुळातच दांडगा असेल, तर ही अडवणूक कमी होते. त्यात मेघातील विद्युत्-क्षेत्राची ओढ जबर असली, की त्याची कमाई खर्चाहून वाढते आणि तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुसाट सुटतो. अणुकेंद्राजवळ त्याला हिसका बसला की हे किरण निघतात.

हिशेब चोख होता. पण मोजायचे कसे? विजेच्या गोंधळात उपकरणेच भांबावतात. खरोखर किरण आला की यंत्रातच खरखर झाली, हे कोणी सांगावे?

१९९४ साली, ताऱ्यांसाठी सोडलेल्या एका अमेरिकन उपग्रहाला पृथ्वीवरूनच गॅमा किरणांचे झोत आल्याचे जाहीर झाले. पुढे फ्लॉरिडात शास्त्रज्ञांनी तार बांधलेला अग्निबाण मेघाकडे सोडून वीज हव्या त्या जागी उतरवली. जवळच अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत, किरण शिरताच लुकलुकणारा स्फटिक बंद करून ठेवला. साक्षीला स्फटिक नसलेले दुसरे यंत्र. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला : स्फटिकाने किरण टिपले, साक्षीदार गप्प राहिला. शंका फिटली.

६ फेब्रुवारी २०१७ रोजी जपानच्या काशिवाझाकी किनाऱ्यावर तर नवलच झाले. विजेच्या गॅमा किरणांनी हवेतील नायट्रोजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन उडवले. उरलेल्या किरणोत्सर्गी नायट्रोजनमधून निघालेल्या पॉझिट्रॉनांची खूण मापकांवर सुमारे मिनिटभर उमटत राहिली. म्हणजे वीज हवेचे अणूदेखील बदलते! या मापकांना लोकवर्गणीचाही हातभार होता.

मला मात्र राहून राहून विल्सनच आठवतात. त्यांच्या मेघपेटीला १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले; पण १९२५ च्या त्या तर्काची अशी खात्री पटलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तरी १९५६ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी वादळी मेघांवर आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. १९५९ साली ते गेले. आपल्या हयातीत फळ दिसो न दिसो, आंब्याची कोय पुरणारी माणसे शास्त्रातही असतात.