मलिद्याचे ताट

मुलांनो, मलिदा तुम्हांला चांगलाच माहीत आहे. पोळी कुस्करायची, तिच्यात तूप आणि साखर किंवा गूळ घालायचा आणि हातांनी मळायचे. झाला मलिदा! नियाजेच्या वेळी तो अनेक घरांत होतो. हा शब्द फारसीतील ‘मालीदन’ या क्रियापदापासून आला आहे. मालीदन म्हणजे चोळणे, मळणे. उर्दूत आणि मराठीतही तो रुळला आहे.

पण मलिदा पोह्यांचाही असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? आणि तो महाराष्ट्रातील एका जुन्या यहुदी समाजाचा आवडता पदार्थ आहे! या समाजाचे नाव बेने इस्रायल. आज त्यांतील बहुतेक लोक इस्रायल देशात राहतात. दूर देशी गेल्यावर आपले जुने पदार्थ माणूस कसे सांभाळतो, हे त्यांच्या गोष्टीवरून समजते.

बेने इस्रायल लोक अशी परंपरा सांगतात की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात राहिले आणि घाण्यावर तेल काढू लागले. शनिवार हा यहुद्यांचा ‘शब्बाथ’ म्हणजे विश्रांतीचा दिवस. अरबीत शनिवारला ‘सब्त’ म्हणतात, ते आठवा. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी झाली. पेणचे ते पेणकर आणि नवगावचे ते नवगावकर अशी त्यांची आडनावेही झाली.

आता त्यांच्या स्वयंपाकाकडे पाहा. आपल्यात जसे हलाल, तसे यहुद्यांत ‘कोशर’. कोशर म्हणजे खाण्यास योग्य. त्यांच्या नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. मग मांसाच्या जेवणाबरोबर गोड काय करायचे? कोकणात नारळ भरपूर. त्यांनी गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाचे दूध वापरले. कुरडया करताना गव्हाचा चीक काढतात, तो तुम्ही पाहिला असेल. तोच चीक नारळाच्या दुधात शिजवून ते नववर्षाच्या सणाला हलवा करतात. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षांचा रस लागतो. तेव्हा त्यांनी काळ्या मनुका पाण्यात टाकून सरबत केले. नियम जुना राहिला, जिन्नस मात्र गावचा घेतला.

त्यांचा मलिदाही असाच आहे. पोहे भिजवतात. त्यांत खोवलेले खोबरे, साखर, वेलदोडे आणि सुका मेवा घालतात. ताटात भोवती खजूर, केळी अशी फळे मांडतात. लग्नाआधी, नव्या घरात जाताना किंवा आजारातून उठल्यावर देवाचे आभार मानण्यासाठी हे ताट ठेवतात. त्या वेळी पैगंबर एलियाहू यांची आठवण काढतात. हिब्रू भाषेत त्यांना ‘एलियाहू हा-नवी’ म्हणतात. तुमच्या लक्षात आले का? ‘नवी’ म्हणजेच आपला ‘नबी’ आणि एलियाहू म्हणजे हजरत इलियास!

१९४८ मध्ये इस्रायल देश स्थापन झाला. त्यानंतर, विशेषतः १९५० ते १९७० या काळात, हजारो बेने इस्रायल लोक तिकडे गेले. अनेकांना दिमोना, अशदोद, लोद, रामला अशा गावांत घरे मिळाली. दिमोना तर नेगेवच्या वाळवंटात आहे. जेथे नारळाची बाग नाही आणि धानाचे शेत नाही, तेथे पोहे आणि ओले खोबरे कोठून येणार?

अडचण फक्त जिनसांची नव्हती. त्यांच्या चालीरीती इतर यहुद्यांना नवख्या होत्या. १९६२ मध्ये तेथील धर्मगुरूंच्या मंडळाने त्यांच्या लग्नांविषयी शंका घेतली. त्यांना जास्तीची चौकशी लागू झाली. लोकांना हा अपमान वाटला. त्यांनी आंदोलन केले. शेवटी १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे आहेत, असे तेथील संसदेने जाहीर केले.

विचार करा, अशा दिवसांत आपले वेगळेपण लपवणे किती सोपे होते! मलिदा सोडून दिला असता, तर कोणी विचारलेही नसते. पण त्यांनी तो सोडला नाही. पुढे भारतीय वाणसामानाची दुकाने निघाली आणि पोहे, मसाले तेथेच मिळू लागले. आजही त्या देशात त्यांच्या घरी मलिद्याचे ताट सजते. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले.

कोकणात असताना या लोकांनी धर्माचा नियम सांभाळला आणि चव गावची घेतली. इस्रायलमध्ये गेल्यावर तीच कोकणची चव त्यांची ओळख झाली. ज्या पोह्यांवर आपण नागपूरकर झणझणीत तर्री ओततो, ते साधे पोहे तेथे वाडवडिलांच्या गावाची आठवण होऊन बसले!

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शिकायला किंवा नोकरीसाठी दूर जाईल. तेथे सगळे जिन्नस मिळतीलच असे नाही. थोडा बदल करावा लागला, तर त्यात कमीपणा नाही. मात्र पदार्थ करायचा कसा आणि करायचा कशासाठी, हे माहीत हवे. ते दुकानात मिळत नाही, घरातच शिकावे लागते.

आपल्या नागपुरात मोमिनपुरा, कामठी या भागांतील कित्येक कुटुंबांचे पूर्वज दुसऱ्या प्रांतांतून आले. आज घरी गेल्यावर आपल्या दादीला किंवा नानीला विचारा, “आपल्या जुन्या गावचा कोणता पदार्थ आपण अजून करतो? त्यात काय बदलले?” त्या सांगतील ते वहीत मराठीत लिहून ठेवा.