खंबीरपणाचा तास भरतो कुठे?

स्विमिंग पूल, रोबोटिक्स लॅब आणि आता 'रेझिलियन्स'! तळेगाव ते लोणावळा पट्ट्यातल्या शाळांची ब्रोशर्स चाळत होते. एकीत तर आठवड्याला चाळीस मिनिटांचा खास तासच आहे. अपयश पचवायचं कसं, ते त्यात शिकवणार म्हणे. आपल्या आज्या याला खंबीरपणा म्हणायच्या.

चेष्टा सोडा, गरज खरी आहे. 2022 या एका वर्षात देशात 13,000 हून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. पण तासानं काम होतं का?

ब्रिटनमध्ये 84 शाळांतल्या 8,000 हून जास्त मुलांवर मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, मुलांना माइंडफुलनेसचे धडे दिले. 2022 मध्ये रिझल्ट आला. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा नाही! बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. (होमवर्क कुठलाही असो, शेवटी होमवर्कच.)

मग मुलं खंबीर होतात कशानं? हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, भांडणं, दारू अशा घरांतल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश छान उभी राहिली. त्यांच्यापाशी काय होतं? भरवशाचं एक तरी मोठं माणूस, मग ती आजी असो की शिक्षक. आणि घरात ज्यावाचून अडेल असं एखादं काम.

हे वाचताना मला तळेगावचीच एक शाळा आठवली. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचं, स्वदेशीच्या काळातलं समर्थ विद्यालय. राष्ट्रीय शिक्षण देणारी शाळा. 'विश्ववृत्त' मासिकातल्या लेखापायी 1908 मध्ये विजापूरकरांवर खटला झाला, ते तुरुंगात गेले. 1910 मध्ये सरकारनं शाळाच बंद केली. सुटून आल्यावर सरांनी काय करावं? तळेगावातच पुन्हा शाळा काढली, नवीन समर्थ विद्यालय. नावातलं ते 'नवीन' आजही आहे. अशा मास्तरांच्या वर्गात बसलेल्या पोरांना वेगळी वर्कशीट कशाला लागेल?

म्हणून मुलांचे मुद्दाम हाल करावेत, असं मुळीच नाही. भर पावसात ओढा ओलांडून शाळेत येणारं मावळातलं पोर 'मुळातच खंबीर' असतं, असं आपण वीकएंडला भजी खाताना सहज बोलून जातो. त्या पोराला आपलं कौतुक नको असतं, साकव हवा असतो.

तेव्हा ॲडमिशनला जाल, तेव्हा तासाचं नंतर विचारा. आधी विचारा, एका वर्गशिक्षकाकडे मुलं किती? शिक्षक दरवर्षी बदलतात का? आमची मुलगी चार दिवस गप्प असली, तर ते नक्की कुणाच्या लक्षात येईल? उत्तरादाखल काउन्सेलरचं नाव पुढे केलं, तर ते आठवड्यातून किती दिवस येतात, तेही विचारून घ्या.