गुंतवणूक आणि तंत्रविद्येचे पूर्वानुमान

गुंतवणूक आणि तंत्रविद्येचे पूर्वानुमान : भांडवलदार, बँका, कारखानदार व शेतकरी आपला पैसा कोणत्या तंत्रात, केव्हा व कोणत्या अटींवर घालतात हे पाहून पुढे कोणती तंत्रे प्रसार पावतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत. तज्ञांची मते फेरीफेरीने घेऊन त्यांचा मेळ घालणारी डेल्फी पद्धत, एकस्वांची म्हणजे पेटंटांची गणना आणि शोधनिबंधांचे सर्वेक्षण या तिच्या जोडीच्या पद्धती होत. मत देणाऱ्याला मत चुकल्यास फारसे काही सोसावे लागत नाही. पैसा घालणाऱ्याला मात्र तोटा होतो. म्हणून पैशाची साक्ष मतापेक्षा अधिक विश्वसनीय मानावी, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे. परंतु पैसा कोणाचा, तो कोणत्या टप्प्यावर घातला आणि बुडाल्यास तोटा कोणाच्या माथी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही. जुन्या खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

गुंतवणुकीचे टप्पे : नवीन तंत्राला प्रथम संशोधकाचा स्वतःचा पैसा किंवा सरकारी संशोधन-अनुदान मिळते. त्यानंतर साहस भांडवल, मग कारखाना वाढविण्यासाठी बँकांची कर्जे आणि अखेरीस जनतेला विकलेले भाग, असा क्रम सामान्यतः असतो. अमेरिकेत १९४६ मध्ये जॉर्जेस डोरिओ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ या संस्थेने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत सु. ७०,००० डॉलर गुंतविले. लघुसंगणकांचा प्रसार त्यानंतरच्या दशकात झाला. साहस भांडवलाच्या निधीची मुदत बहुधा दहा वर्षांच्या आसपास असते. त्यामुळे या टप्प्यावरील पैसा साधारणपणे तेवढ्याच काळापुढचे सूचन करतो. उलट, सामान्य लोक भाग घेण्यासाठी रांगा लावू लागतात, तेव्हा त्या तंत्राचे भवितव्य पुष्कळदा आधीच ठरून गेलेले असते.

कापसाची तेजी : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव अनेकपटींनी वाढले. खानदेशाच्या काळ्या जमिनीतील कापसालाही त्यामुळे मोठी मागणी आली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग खानदेशात पोहोचला. या रेल्वेच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिलेली होती. तेव्हा तिच्यातील भांडवल हे रेल्वेच्या भवितव्याविषयीचा निर्णय नसून सरकारी हमीवरील विश्वास होता. कापसाच्या नफ्यातून मुंबईत आलेला पैसा समुद्र हटविणाऱ्या बॅक बे सारख्या कंपन्यांच्या भागांकडे वळला. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा फुगा फुटला व अनेक पेढ्या बुडाल्या. मात्र सरकी काढण्याच्या व गठ्ठे बांधण्याच्या यंत्रांत घातलेला पैसा तेजी ओसरल्यावरही वाया गेला नाही. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली आणि १८७० नंतरच्या दशकात तेथे कापडगिरणीही उभी राहिली. तात्पर्य, भावांवर लावलेला पैसा आणि यंत्रांत घातलेला पैसा यांत भेद केला पाहिजे. [⟶ कापूस].

अमळनेरचे भागधारक : जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे महंमद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तूप तयार करणारी कंपनी स्थापन केली. गावातील व आसपासच्या अनेक कुटुंबांनी तिचे भाग घेतले. १९६६ मध्ये अझीम प्रेमजी यांच्याकडे कारभार आला. १९७७-७८ मध्ये आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी भारतातून बाहेर पडल्यावर निर्माण झालेली पोकळी हेरून या कंपनीने १९८० च्या सुमारास संगणक निर्मितीत प्रवेश केला. हीच पुढे विप्रो या नावाने प्रसिद्धीस आलेली कंपनी होय. तिचे भाग पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणारी अमळनेरची कुटुंबे श्रीमंत झाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

या उदाहरणावरून अमळनेरकरांनी संगणकयुगाची चाहूल आधीच ओळखली होती असे म्हणता येणार नाही. त्यांनी पैसा घातला तो ओळखीच्या माणसाच्या तेलाच्या कारखान्यात. पूर्वानुमानाच्या दृष्टीने महत्त्वाची गुंतवणूक ती नव्हे, तर तेल व साबण यांच्या नफ्यातून कंपनीने अपरिचित क्षेत्राकडे वळविलेली रक्कम होय. स्थिर धंद्याची मिळकत नव्या तंत्राकडे कशी वळते, हे कंपनीच्या वार्षिक अहवालांतून दिसते. भागबाजाराच्या भावांतून ते बऱ्याच उशिरा दिसते.

ठिबक सिंचन : आधुनिक ठिबक सिंचनाचे तंत्र इझ्राएलमध्ये सिम्चा ब्लास यांनी विकसित केले व १९६५ च्या सुमारास हात्सेरिम या किबुत्झमध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. जळगावात भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये लहानशा व्यापारापासून सुरुवात करून १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पेपेन, १९८० मध्ये पीव्हीसी नळ आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक संच असा क्रम गाठला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाण्याच्या क्षेत्रासाठीच उभारलेल्या ॲक्वा इंटरनॅशनल पार्टनर्स या परदेशी निधीने जैन इरिगेशन कंपनीत भांडवल घातले. केंद्र सरकारची सूक्ष्म सिंचनाची योजना २००६ मध्ये आली व ‘थेंबागणिक अधिक पीक’ हे सूत्र प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत २०१५ मध्ये समाविष्ट झाले. म्हणजे येथे भांडवल धोरणाच्या पुढे चालले होते.

तथापि याहून बोलकी साक्ष यावल व रावेर तालुक्यांतील केळी-उत्पादकांची आहे. विहिरींची व कूपनलिकांची पातळी खाली जात असताना त्यांनी ठिबक संच व ऊतिसंवर्धित रोपे यांवर पैसा घातला. पहिला संच अनुदानामुळेही घेतला जातो; तो झिजल्यावर पदरमोड करून दुसरा घेतला, तर त्या तंत्राने मूळ धरले असे निश्चितपणे म्हणता येते. जैन इरिगेशन ही कंपनी २०१९ मध्ये कर्जफेडीच्या अडचणीत आली, तिच्या कर्जांची २०२२ मध्ये पुनर्रचना झाली व २०२३ मध्ये तिचा परदेशांतील सिंचन-व्यवसाय रिव्ह्युलिस कंपनीत विलीन झाला. पण या काळातही केळीच्या बागांतील नळ्या कोणी उचलून टाकल्या नाहीत. गुंतवणूकदाराचे अपयश आणि तंत्राचे अपयश या भिन्न गोष्टी आहेत.

पवनऊर्जा व सौरऊर्जा : धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, विशेषतः ब्राह्मणवेल परिसरात, २००० नंतर मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभारण्यात आल्या. त्यांचे मालक पुष्कळदा विजेशी संबंध नसलेले उद्योगपती होते. यंत्राच्या किमतीचा ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवून आयकरात सूट मिळविता येई, हे त्यामागचे एक मोठे कारण. एप्रिल २०१२ मध्ये ही सवलत काढून घेण्यात आली व उत्पादननिष्ठ प्रोत्साहनाची योजनाही त्याच सुमारास संपली. परिणामी देशात २०११-१२ मध्ये सु. ३,२०० मेवॉ. पवनशक्तीची भर पडली होती, ती पुढील वर्षी सु. १,७०० मेवॉ. पर्यंत उतरली. वारा तोच, यंत्रे तीच. बदलला तो कर. करसवलतीने ओढून आणलेला पैसा तंत्राच्या गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचे १२५ मेवॉ. क्षमतेचे सौर विद्युत्‌ केंद्र जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जसाहाय्याने २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. त्याआधी, २००६ ते २०११ या काळात, साहस भांडवलदारांनी स्वच्छ ऊर्जेच्या नवउद्योगांत २,५०० कोटींहून अधिक डॉलर घालून त्यांतील निम्म्याहून अधिक गमावले होते. तरीही सौर पट्टांच्या किमती घसरत गेल्या व तंत्राचा प्रसार झालाच. गुंतवणूकदारांना दिशा बरोबर दिसली होती, पण काळ आणि नफ्याचे मानकरी यांचा अंदाज चुकला होता.

परीक्षणाचे निकष : वरील उदाहरणांवरून काही निकष मांडता येतात. (१) हमी, अनुदान व करसवलत वजा जाता उरणारा पैसा मोजावा. (२) एकाच निधीपेक्षा परस्परांशी संबंध नसलेल्या अनेकांचा कल पाहावा. कारण गुंतवणूकदार एकमेकांचे अनुकरण करतात. (३) पैसा यंत्रे, प्रयोगशाळा व प्रशिक्षण यांत गेला की केवळ भागांच्या खरेदीविक्रीत, हे तपासावे. (४) वापरणाऱ्याची दुसरी, विनाअनुदान खरेदी निर्णायक मानावी. २०२० नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वाहणाऱ्या प्रचंड भांडवलालाही हेच निकष लावणे इष्ट होय. रोजच्या बातम्यांतील आकड्यांवरून मुलांचे शिक्षण, पिकाची निवड अथवा आयुष्याची बचत यांविषयी निर्णय घेणाऱ्यांनी तर ते विशेष लक्षात ठेवावेत.

मर्यादा : गुंतवणूक परताव्याकडे पाहते, गरजेकडे नव्हे. साक्री तालुक्यात उगम पावणाऱ्या पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी देण्याची आणि लाभधारकांनीच ते वाटून घेण्याची फड पद्धती कित्येक पिढ्या चालत आली. तिच्यात कोणा भांडवलदाराने पैसा घातला नाही व तिचे भाग कोठे विकले गेले नाहीत. तरी तिने शेते भिजविली. कोरडवाहू बियाणे, जलसंधारण किंवा गरिबांच्या रोगांवरील औषधे यांसारखी तंत्रे पैशाच्या ओघात सहसा दिसत नाहीत. म्हणून गुंतवणुकीच्या अभ्यासाने कोणते तंत्र येऊ घातले आहे हे कळू शकते. कोणते यावयास हवे, हे मात्र समाजाने वेगळा विचार करून ठरवावे लागते.