शब्बाथशाळेतील मुलांसाठी नावानिशी प्रार्थना



आमच्या पाड्यावरच्या शब्बाथशाळेत तेवीस मुले येतात. कित्येक वर्षे मी त्यांच्यासाठी एकच प्रार्थना करत असे, ‘प्रभू, या लेकरांना आशीर्वाद दे.’ प्रार्थना चुकीची नव्हती. पण तेवढी करायला मुलांना ओळखावे लागत नाही.

निर्गमाच्या 28व्या अध्यायात अहरोनाच्या ऊरपटाचे वर्णन आहे. त्यावर बारा रत्ने आणि प्रत्येक रत्नावर एका वंशाचे नाव कोरलेले. पवित्रस्थानात जाताना याजकाने ती नावे हृदयावर वाहायची. डिप्लोमा करताना हा भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला शिकवला एका सात वर्षांच्या मुलीने.

कृतिगीत सुरू झाले की सगळी मुले उड्या मारत, ही मात्र भिंतीला टेकून बसे. मला वाटे, आळशी आहे. ‘तिला उत्साह दे’ अशी प्रार्थनाही मी केली! मग एका शनिवारी रात्री मी वही घेतली आणि प्रत्येक मुलाच्या नावे एक पान केले. तिच्या पानावर नाव आणि पाडा याखेरीज मला काहीच लिहिता येईना. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, “भाऊ, तिचे हातपाय फार दुखतात. रात्री रडते.” आशाताईंच्या मदतीने ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले. सिकलसेल निघाला. हा आजार आईवडील दोघांकडून येतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात तो बराच आढळतो. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली किंवा फार दमले की वेदना उसळतात. औषधाने त्रास कमी होतो, पण ते आयुष्यभर सांभाळावे लागते.

आता वर्गात माठ असतो आणि गाण्याच्या मध्ये सगळेच पाणी पितात, म्हणजे ती वेगळी पडत नाही. तिच्या पानावर मी गोळ्या, पाणी, रात्रीची झोप असे लिहितो आणि त्यासाठीच प्रार्थना करतो.

एकदा तिने विचारले, “प्रार्थना केली तर हे जाईल का?” मी म्हणालो, “मला ठाऊक नाही, बेटा. पण मी रोज मागतो.” मुलांना आपल्या पदरचे वचन देऊ नये. उद्या दुखले तर त्यांना वाटते, आपलाच विश्वास कमी पडला.

आणखी एक गोष्ट शिकलो. मुलाने घरचे काही सांगितले, बापाचे पिणे किंवा मारहाण, तर ते प्रार्थनासभेत नावानिशी मांडायचे नाही. लहान गावात विनंतीची चर्चा व्हायला वेळ लागत नाही. मूल धोक्यात असेल तर केवळ गुडघ्यावर बसून चालत नाही, 1098 या चाइल्डलाइनला कळवावे लागते. इतर वेळी वही माझ्या पेटीत राहते.

दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. मुकादमाची उचल घेतलेली घरे ऊसतोडीला जातात, सोबत मुलेही. त्या महिन्यांत वर्गात आठ-नऊच मुले उरतात. पूर्वी मी गेलेल्यांची पाने उलटून पुढे जात असे. आता त्याच पानांवर जास्त वेळ थांबतो. फडावर पहाटेची थंडी असते, कोयते असतात, शाळा नसते.

या मुलीचे आईवडीलही यंदा निघणार आहेत. आजी तिला ठेवून घ्यायला तयार आहे, पण आजीला कमी दिसते आणि गोळ्यांची वेळ पाळायची आहे. मंडळीतल्या दोन भगिनींनी आळीपाळीने सकाळी जायचे कबूल केले आहे. वडिलांचा होकार अजून आलेला नाही. गाडी सोमवारी येणार आहे. त्यांच्याशी बोलायला मी रविवारी संध्याकाळी जात आहे.