आगीच्या आधीची बातमी

9 जानेवारी 2021 रोजी, शनिवारी, मध्यरात्र उलटून दीड-दोन तास झाले असता भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष दक्षता कक्षास आग लागली, आणि त्या वेळी तेथे असलेल्या 17 अर्भकांपैकी 10 अर्भके दगावली. भंडाऱ्यात सकाळी वाटली जाणारी मोठी दैनिके बहुतांशी नागपुरास छापली जातात, आणि जिल्ह्याची आवृत्ती एवढ्या रात्री छापखान्यातून निघून गेलेली असते. तेव्हा शनिवारच्या अंकात ही वार्ता येणे शक्यच नव्हते. रविवारचा अंक हाती पडला तोवर दूरचित्रवाणीने आणि मोबाइलने सारे सांगून टाकले होते, आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे भंडाऱ्यास आले. घटना सांगण्याचे काम इतरांनी आधीच उरकलेले असताना जिल्ह्याच्या वृत्तपत्राने वाचकास आणखी काय द्यावयाचे, हा प्रश्न त्या दिवशी जितक्या तीव्रतेने उभा राहिला तितका एरवी क्वचितच राहतो.

स्थानिक वार्ताहरांनी त्या आठवड्यात केलेले काम सामान्य नव्हते, हे प्रथम म्हटले पाहिजे. कक्षाचे दोन भाग होते: त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बालकांचा एक, आणि अन्यत्र जन्मून तेथे आणलेल्यांचा दुसरा. जंतुसंसर्ग टाळण्याकरिता अशी विभागणी सामान्यतः केली जाते. पहिल्या भागातील सातही बालके वाचली आणि दुसऱ्यातील दहाही गेली, हा तपशील बातम्यांत आला. परंतु बाहेरून आणलेले बालक म्हणजे कोण, हे ज्यास ठाऊक आहे त्याला हा तपशील फार दूरवर नेतो. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी अशा तालुक्यांतील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जन्मलेले, वजनाने अल्प किंवा श्वासास कष्टी, आणि तेथे ते जगविण्याची साधने नाहीत म्हणून ‘रेफर’ होऊन रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी आलेले ते बालक असते. त्या दहा मृत्यूंची हकीकत समग्र सांगावयाची तर ती तालुक्याच्या प्रसूतिगृहापासून सांगावी लागते. तेथे बालरोगतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की प्रभारी कारभारावर चालले आहे, हेही तिच्यात येते.

21 जानेवारीस आरोग्यमंत्री राजेश टोपे ह्यांनी चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. आगीचे मूळ रेडिअंट वॉर्मरमध्ये उडालेल्या ठिणगीत होते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा अल्पवजनी बालकास आपल्या देहाची ऊब राखता येत नाही, म्हणून हे यंत्र त्याच्यावर अहोरात्र उष्णता धरून असते. अर्थात त्याच्या तारा, जोडण्या आणि नियंत्रक ह्यांना विसावा नसतो, आणि भोवती प्राणवायूचा पुरवठा चालू असल्याने एखादी ठिणगीही पेट घेण्यास पुरेशी होते. तीन बालके भाजून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचे शासनाकडून सांगण्यात आले होते. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींवर निलंबनाची, काहींवर बदलीची, तर काहींवर सेवासमाप्तीची कारवाई झाली. ती मोठ्या मथळ्यांनी छापून आली आणि माझ्या मते तेथेच प्रकरण अकाली मिटले. कारण कोणावर कारवाई झाली हे कळले तरी यंत्रांची देखभाल कोणत्या कराराने, किती दिवसांनी आणि कोणाच्या सहीने होते, हे सामान्य वाचकास कळावयाचे राहूनच गेले.

ह्याचा सारा दोष वार्ताहरावर टाकणे अन्यायाचे होईल. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ पगारी नसतो. त्याचे मानधन तुटपुंजे, आणि जाहिरातींवरील कमिशन हा त्याच्या मिळकतीचा मोठा आधार. खासगी इस्पितळाच्या वर्धापनदिनाची जाहिरात त्यानेच आणावयाची आणि त्याच इस्पितळाविरुद्ध नातेवाइकांनी केलेली फिर्यादही त्यानेच लिहावयाची, अशा पेचात तो असतो. मग सोयीचे ते लिहिले जाते. सरकारी दवाखाना असला तर ‘आरोग्य यंत्रणा सलाईनवर’, आणि खासगी असला तर नावाऐवजी ‘शहरातील एक रुग्णालय’. रुग्ण दगावताच ‘डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू’ असा मथळा देणे तर नित्याचे झाले आहे. वस्तुतः 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैद्यकीय निष्काळजीपणा गुन्हा ठरण्यास तो घोर असावा लागतो, आणि तो तसा आहे की नाही ह्याविषयी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. ज्याचा निवाडा करावयास न्यायालयाला तज्ज्ञ हवा, त्याचा निवाडा रात्री नऊच्या घाईत मथळा लिहिणाऱ्याने करू नये; आरोप हा आरोप म्हणूनच छापावा आणि डॉक्टरांची कैफियत त्याच बातमीत घ्यावी. त्याच अंकाच्या आतल्या पानावर मधुमेह समूळ बरा करण्याची हमी देणारी जाहिरात असली, तर 1954 च्या औषधी व जादुई उपायविषयक कायद्याने अशा जाहिरातीस बंदी आहे, ह्याचे स्मरण संपादकास कोणी तरी द्यावयास हवे.

ज्या व्याधीत अशी ‘घटना’च नसते तिचे काय होते, हे पाहावयाचे तर सिकलसेलकडे पाहावे. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तदोष फार आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णास असह्य वेदनांचे झटके येतात. पती-पत्नी दोघेही केवळ वाहक असले, स्वतः धडधाकट असले, तरी त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा रोग जडण्याचा संभव चारांत एक असतो, आणि रक्ताच्या साध्या चाचणीने वाहक ओळखता येतो. दर वर्षी 19 जूनला जागतिक सिकलसेल दिनाची, मान्यवरांच्या छायाचित्रासह, बातमी येते. ज्या सुमारास सोयरिकी जुळतात त्या सुमारास मात्र वरील तीन वाक्ये छापली जात नाहीत. जिल्ह्याची पुरवणी ज्या घरांत जाते त्याच घरांत ही लग्ने ठरतात; मुंबईच्या किंवा दिल्लीच्या पत्रास जे कधीच साधणार नाही, ते येथे निव्वळ पाव स्तंभाच्या जागेत साधते.

पुन्हा आगीकडे वळू. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि 11 रुग्ण गेले. भंडाऱ्याचा अनुभव तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता. अशा आगीची बातमी आगीच्या आधी लिहिता येते, आणि तिची सामग्री सरकारी दप्तरातच असते. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, असे दोनदा, सादर करावे लागते. ते सादर झाले काय, कोणत्या तारखेस आणि कोणाच्या सहीने, हे माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा अर्ज करून कोणाही नागरिकास विचारता येते, आणि 30 दिवसांत उत्तर देणे त्या कार्यालयावर बंधनकारक असते. फेब्रुवारी आणि ऑगस्ट ह्या दोन महिन्यांत प्रत्येक तालुक्याच्या वार्ताहराने असा अर्ज आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात द्यावा, आणि जे उत्तर येईल ते, उत्तर आलेच नाही तर तेही, जिल्ह्याच्या पानावर छापावे.