फॉगर चालू आहे, तरी गाय धापा का टाकते?



परवा दुपारी आपल्या एका सभासदाच्या गोठ्यावर गेलो. फॉगर सुरू होता, चारही बाजूंनी हिरवी शेडनेट जमिनीपर्यंत सोडलेली, आणि आत संकरित गायी माना पुढे काढून धापा टाकत उभ्या. "साहेब, एवढा खर्च केला, तरी दूध घटलंच." आत पाऊल टाकलं आणि कारण कळलं. न्हाणीघरासारखी दमट हवा!

गाय अंगातली उष्णता बाहेर टाकते ती मुख्यतः घामावाटे आणि श्वासावाटे, पाण्याची वाफ करून. हवाच ओली असेल तर ते पाणी वाळत नाही. पोटात चारा आंबताना उष्णता तयार होतच राहते, मग ती जाणार कुठे? म्हणून बंद गोठ्यात नुसता फॉगर लावला तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. कोकणातल्या दमट हवेत तर त्याच्या नादी लागू नका.

आधी वारा बघा. नेट ऊन येतं त्याच बाजूला सोडा, तीही खालून मोकळी ठेवून. सूर्य मावळला की सगळी वर गुंडाळा. हे बरेच जण विसरतात, आणि दिवसभर तापलेल्या गायीला रात्रीसुद्धा निवायला मिळत नाही. पत्र्याला वरून चुना मारा. नवीन शेड बांधणार असाल तर गरम हवा निघून जायला आढ्याला फट ठेवाच.

मग पाणी. धुक्यापेक्षा मोठ्या थेंबाचा फवारा बरा, पाठ कातडीपर्यंत भिजली पाहिजे. २-३ मिनिटं पाणी, नंतर १०-१५ मिनिटं नुसता पंखा, पुन्हा पाणी. ओघळ कासेपर्यंत जाऊ देऊ नका, दगडी होण्याचा धोका वाढतो. पंखा नसेल तर जनावर झाडाच्या सावलीत बांधून अंगावर पाणी मारा. म्हशींनाही हेच लागू.

गायीला गरम होतंय का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. गाय सावलीत शांत असताना कुशीची हालचाल १ मिनिट मोजा. ६० च्या वर गेली तर ताण आहे. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय असं दिसलं तर वाट बघू नका, लगेच पाणी मारायला घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

आज दुपारी ३ वाजता मोजा आणि आकडा याच नंबरवर पाठवा. सोबत गोठ्याचा एक फोटो टाका, नेट कुठे सोडलीय ते दिसेल असा.