गवंड्याचा मुलगा

धावण्याच्या शर्यतीत भाग घ्यावयाचा असेल, तर अंगात बळ आणि मनात जिद्द असली म्हणजे पुरते. पायांत बूट नसलेला मुलगाही धावू शकतो आणि कधी कधी पहिलाही येतो. मोटारींच्या शर्यतीचे मात्र तसे नाही. तेथे कौशल्य दाखविण्यापूर्वीच पैसा मोजावा लागतो. गाडी, इंजिन, इंधन, दुरुस्ती, प्रवेशशुल्क आणि गावोगावचा प्रवास या सर्वांना खर्च येतो. टायर तर लवकर झिजतात, आणि झिजलेला टायर वळणावर घसरतो. म्हणून ज्याच्यापाशी नवे टायर व चांगले इंजिन असते, तो आरंभीच दोन पावले पुढे असतो. मग ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे, त्या मुलाने या खेळात शिरावे तरी कसे? मायकेल शूमाकर याच्या बालपणाची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

जर्मनीतील कोलोन शहराजवळ ह्यूर्थ या गावी ३ जानेवारी १९६९ रोजी मायकेलचा जन्म झाला. त्याचे वडील रॉल्फ गवंडीकाम करीत. मायकेल चार वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या पायांनी चालविण्याच्या खेळण्यातील गाडीला मोटारसायकलीचे एक लहानसे इंजिन बसवून दिले. गाडी पळू लागली, आणि एके दिवशी केर्पेन गावात ती दिव्याच्या खांबावर जाऊन आदळली! तेव्हा आईवडिलांनी मुलाला तेथील कार्टिंगच्या मैदानावर नेले. त्या मंडळाचा तो सर्वांत लहान सभासद झाला.

कार्ट म्हणजे शर्यतीच्या मोटारीचे धाकटे भावंडच होय. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाके, एक लहान इंजिन आणि जमिनीला जवळजवळ टेकलेले आसन, एवढाच तिचा संसार. तिला छप्पर नसते, दारे नसतात आणि धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगाही नसतात. त्यामुळे गाडी कोठे घसरते आणि टायर कोठे पकड सोडतो, हे चालकाला थेट आपल्या अंगालाच जाणवते. मोटारशर्यतीतील बहुतेक नामवंत चालक याच शाळेत शिकले आहेत.

रॉल्फ यांनी इतरांनी टाकून दिलेल्या भागांची जुळवाजुळव करून मुलासाठी एक कार्ट तयार केली. त्याच कार्टवर मायकेलने सहाव्या वर्षी मंडळाचे अजिंक्यपद मिळविले. परंतु खर्च वाढतच गेला. तेव्हा वडिलांनी गवंडीकाम सांभाळून मैदानावर कार्ट भाड्याने देण्याचे व दुरुस्त करण्याचे दुसरे काम पत्करले. आई एलिझाबेथ या तेथील उपाहारगृह चालवू लागल्या. सारे घरच मुलाच्या खेळासाठी राबू लागले. इतके करूनही एकदा अडचण आलीच. मायकेलला नवे इंजिन हवे होते. त्याची किंमत होती ८०० मार्क, आणि तेवढी रक्कम आईवडिलांजवळ नव्हती.

अशा वेळी गावातील व्यापारी मंडळी पुढे आली. मुलाचे कसब त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांपैकी युर्गेन डिल्क या गृहस्थांनी तर पुढील अनेक वर्षे त्याच्या खर्चाचा भार उचलला. मदत मिळाली, पण मार्ग सरळ नव्हता. जर्मनीत चौदा वर्षे पुरी झाल्यावाचून कार्ट-शर्यतीचा परवाना मिळत नसे. म्हणून बाराव्या वर्षी मायकेलने शेजारच्या लक्झेंबुर्ग देशाचा परवाना काढला. १९८३ मध्ये त्याला जर्मनीचा परवाना मिळाला, आणि १९८४ मध्ये तो कुमार गटातील जर्मन विजेता ठरला. १९८७ मध्ये जर्मनीचे व युरोपचे अशी दोन्ही अजिंक्यपदे त्याने पटकावली. दरम्यान पोटापाण्याची सोय म्हणून मोटारदुरुस्तीचे कामही तो शिकत होता.

कार्टनंतर खऱ्या मोटारींच्या शर्यती येतात. त्यांच्या पायऱ्यांना ‘फॉर्म्युला’ म्हणतात. फॉर्म्युला म्हणजे मोटार कशी असावी हे ठरविणारी नियमांची चौकट. जसजशी वरची पायरी येते, तसतशी मोटार वेगवान होते आणि खर्चही भराभर वाढतो. येथे एका कुटुंबाचे किंवा एका गावाचे बळ पुरत नाही. मग एखादा संघमालक अथवा कारखानदार चालकाचा खर्च उचलतो. काही जण मोबदल्यात मोटारीवर आपली जाहिरात रंगवितात, तर काही जण चालकाच्या पुढील मिळकतीत हिस्सा मागतात. मायकेलची मोटार चालविण्याची धाटणी पाहून विली वेबर या संघमालकाने त्याला १९८९ मध्ये फॉर्म्युला-तीनमध्ये स्वतःच्या खर्चाने उतरविले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९९० मध्ये, मायकेलने जर्मनीतील ती स्पर्धा जिंकून हा विश्वास सार्थ केला. मर्सिडीज कारखान्यानेही त्याला आपल्या तरुण चालकांत घेतले.

ऑगस्ट १९९१ मध्ये जॉर्डन संघातील एका चालकाची जागा अचानक रिकामी झाली. मर्सिडीजने पैसे भरून ती जागा मायकेलला मिळवून दिली. बेल्जियममधील स्पा येथील ही शर्यत त्याची फॉर्म्युला-वनमधील पहिलीच शर्यत होती. पात्रता फेरीत तो सातवा आला. प्रत्यक्ष शर्यतीत क्लच बिघडल्यामुळे पहिल्याच फेरीत त्याला थांबावे लागले. तरीही जाणकारांनी त्याची योग्यता ओळखली होती. पुढच्याच शर्यतीला बेनेटन संघाने त्याला आपल्याकडे घेतले. एक वर्षाने, ऑगस्ट १९९२ मध्ये, त्याच स्पा येथे त्याने आपला पहिला विजय मिळविला.

पुढे १९९४ व १९९५ मध्ये आणि नंतर २००० ते २००४ अशी सलग पाच वर्षे, म्हणजे एकूण सात वेळा तो जगज्जेता झाला. त्याने ९१ शर्यती जिंकल्या. हा विक्रम २०२० मध्ये इंग्लंडच्या लुईस हॅमिल्टनने मोडला. विशेष हे की, मुलाला कार्ट चालविता यावी म्हणून हॅमिल्टनच्या वडिलांनीही एकाच वेळी अनेक कामे केली होती.

मायकेलला गती उपजतच होती, आणि तिला त्याने कष्टाची जोड दिली यात संशय नाही. परंतु ८०० मार्कांचे ते इंजिन कोणी दिलेच नसते, तर ती गती जगाला दिसली असती काय? विजेत्यांची नावे पुस्तकांतून छापली जातात. ज्यांना वेळेवर मदतीचा हात मिळाला नाही, अशा गुणी मुलांची नावे मात्र कोणत्याही यादीत सापडत नाहीत. म्हणून विजेत्याचे कौतुक करताना, त्याला आरंभी हात देणाऱ्या माणसांचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.